अनामत जप्त झाली, मत कुठे गेलं?

या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एकाच विषयाची निघाली: लहान राजकीय पक्ष. त्यांना मत द्यावं का, ते टिकत का नाहीत, त्यांच्यातर्फे उभं राहायचं तर काय करावं लागतं. म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच. काहींनी नाव छापू नका म्हटलं आहे, तेव्हा सगळ्यांचीच नावं वगळते. मी कोणत्याही पक्षाची सभासद नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, सरकारी नोकरीत होते म्हणून निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, आणि निवृत्त झाल्यापासून अर्ज भरायला जो कोणी मदत मागतो त्याला करते. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न: बाई, नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो, इंदूरला सुदामा नगरात राहतो. 2024 च्या लोकसभेला यंत्रासमोर उभा राहिलो तर नेहमीच्या दोन चिन्हांपैकी एक तिथे नव्हतंच. मी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही', दाबलं. घरी आल्यावर सून म्हणाली, "बाबा, बाकी इतकी नावं होती, त्यातलं एखादं का नाही?" मी म्हटलं, त्यांना मत म्हणजे वाया. माझं चुकलं का?

सूनबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. तेव्हा काय घडलं ते आधी मांडते. 29 एप्रिल 2024 हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि दुसरं नाव द्यायला पक्षाकडे वेळ उरला नाही. मग पक्षाने नोटाचं आवाहन केलं. 4 जूनला मोजणी झाली. भाजपचे शंकर लालवानी 12,26,751, नोटा 2,18,674, आणि उमेदवारांत दुसरा क्रमांक बहुजन समाज पक्षाचा, 51,659. साऱ्या देशाने आपल्या नोटाची बातमी छापली. पण नोटा निवडून येत नाही. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवारच विजयी होतो. अनामत राहिली की गेली हे ठरवतानासुद्धा नोटाची मतं धरत नाहीत. दोन लाखांवर माणसांनी राग नोंदवला, पण तो राग पुढे नेणारा कोणी निवडला नाही.

मला त्या निकालात टोचतं ते हे. मोठा पक्ष एका दिवसात मैदानातून गेला, तेव्हा यंत्रावर मागे राहिली ती लहान पक्षांची आणि अपक्षांची नावं. त्या लोकांनी अर्ज भरले, अनामत भरली आणि मागे घेतली नाही. पण मतदान चौदा दिवसांवर आलेलं असताना एकदम त्यांच्याकडे वळावं, इतकी त्यांची ओळख या शहरात कुणालाच नव्हती. पाच वर्षं ज्यांना कुणी विचारलं नाही, ते दोन आठवड्यांत आपले कसे वाटणार?

इंदूर नेहमी असं नव्हतं. 1962 मध्ये याच मतदारसंघाने होमी दाजींना लोकसभेत पाठवलं. दाजी कम्युनिस्ट, गिरणी कामगारांचे पुढारी. ती निवडणूक ते अपक्ष म्हणून लढले आणि नेहरूंच्या काळात काँग्रेसला हरवून जिंकले. 1957 ला आणि पुन्हा 1972 ला ते विधानसभेवर निवडून गेले. माझं माहेर मालवा मिलच्या बाजूचं. वडील कम्युनिस्ट नव्हते, आमच्याकडे सगळे सणवार यथासांग होत, पण दाजींची सभा ते चुकवत नसत. कामाची पाळी, महागाई भत्ता, बोनस यांवर तपशिलात बोलणारा दुसरा कोणी नव्हता. निवडणुकीत मत कुणालाही देणारी माणसं त्या सभांना जात, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या पुढाऱ्यांना त्याच विषयावर बोलावं लागे.

आणि ज्यांना आज आपण मोठा पक्ष म्हणतो त्यांचं काय? भारतीय जनसंघाला 1952 च्या लोकसभेत तीन जागा होत्या. 1984 ला भाजपला साऱ्या देशात दोन. त्या वर्षी मध्य प्रदेशातल्या चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसने घेतल्या, ग्वाल्हेरला अटलबिहारी वाजपेयीसुद्धा पडले. पाच वर्षांनी इंदूरहून सुमित्राताई महाजन निवडून आल्या आणि एकूण आठ वेळा खासदार झाल्या. मधल्या काळात गावोगाव संघटना बांधणाऱ्यांत आपल्या धारचे कुशाभाऊ ठाकरे होते. जनसंघाला मत देणाऱ्यांनाही तेव्हा लोक म्हणतच असतील, की मत वाया घालवता.

आता तुमच्या 'वाया'चा हिशेब. पडलेल्या लहान पक्षाचं मत टक्केवारीत जमा होतं, आणि त्या टक्केवारीवर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार असले तर राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळते. आमदार नसला तरी आठ टक्के मतांवर मिळते. मान्यता मिळाली की राखीव चिन्ह मिळतं. मान्यता नसलेल्या पक्षाला सगळ्या उमेदवारांसाठी एकच सामाईक चिन्ह सवलत म्हणून मिळू शकतं, पण ठरावीक निवडणुकांनंतर ती सवलत पुन्हा हवी असेल तर किमान एक टक्का मतं दाखवावी लागतात. निवडणूक रोख्यांची योजना होती तेव्हा तिथेही एक टक्क्याची अट होती. त्याखालच्या पक्षाला रोखे घेताच येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला ती योजनाच रद्द केली. तेव्हा अनामत सरकारजमा होते हे खरं, पण मत जमा होतं त्या पक्षाच्या खात्यात. नोटाच्या मताला असं कुठलंच खातं नाही.

प्रश्न: मी महूला राहतो, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात चर्चा झाली, तेव्हा बहुतेक जण म्हणाले की लहान पक्ष फक्त 'वोट कटवा' असतात. कुणीतरी मोठा त्यांना उभं करतो. यात किती तथ्य आहे?

काही ठिकाणी आहे, बाळा. एखाद्या जातीची, वस्तीची मतं फुटावीत म्हणून उमेदवार उभे केले जातात. एकाच नावाचे दोघं-तिघं उभे राहतात तेही त्यासाठीच. पण प्रत्येक लहान पक्षाला हा शिक्का मारला की मतं आधीच कुणाची तरी मालमत्ता होती असं आपण मान्य करतो. मतं 'कापली' म्हणायचं तर ती कुणाच्या नावावर होती? त्या मतदाराला विचारलं होतं का?

तू महूचा आहेस म्हणून तिथूनच सांगते. तुझ्या गावी जन्मलेल्या बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत त्यांनी सतरा जागा लढवल्या आणि बहुतेक जिंकल्या. सरकार काँग्रेसचं आलं. सभागृहात मूठभर असलेल्या या पक्षाने काय केलं? कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून वसुली करणारी खोतांची वतनदारी, नष्ट करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी त्याच वर्षी मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे औद्योगिक कलहाच्या विधेयकात संपावर बंधनं आली, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 ला कामगारांचा संप घडवला. खोतीचं विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती नष्ट करणारा कायदा 1949 मध्ये झाला, आणि तो केला काँग्रेसच्या सरकारने. ज्या कुळांच्या बाजूने एका लहान पक्षाने सभागृहात उभं राहून बोलायला सुरुवात केली, त्यांना जमीन एका मोठ्या पक्षाच्या कायद्याने मिळाली. लहान पक्षाचं यश बहुतेक वेळा असंच दुसऱ्याच्या नावावर नोंदलं जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही.

बसपाची स्थापनाही 14 एप्रिलचीच, 1984 ची. कांशीराम पुण्यात सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते, चळवळीत उतरले ते तिथून. ते सांगत, पहिली निवडणूक हरायला लढायची, दुसरी हरवायला आणि तिसरी जिंकायला. तुमच्या वर्गातल्यांना 'वोट कटवा' दिसतो तो यातल्या दुसऱ्या पायरीवरचा. 1996 ला सतना लोकसभा मतदारसंघात अर्जुनसिंह आणि वीरेंद्रकुमार सकलेचा, दोन माजी मुख्यमंत्री समोरासमोर होते. दोघंही पडले, निवडून आले बसपाचे सुखलाल कुशवाहा. 1998 च्या विधानसभेत मध्य प्रदेशात बसपाचे अकरा आमदार होते. 2023 ला एकही नाही. हा उतार का लागला, पक्षाची स्वतःची चूक किती आणि वातावरणाची किती, यावर एखादा चांगला निबंध होईल. तूच लिही आणि मला पाठव.

अजून एक नाव वर्गात सांग. रतलाम जिल्ह्यातलं सैलाना. आपण तिथे राजवाड्यातली कॅक्टसची बाग पाहायला जातो. 2023 च्या विधानसभेत भाजपचे 163, काँग्रेसचे 66, आणि 230 पैकी उरलेला एक आमदार सैलान्याचा: भारत आदिवासी पक्षाचे कमलेश्वर डोडियार. निवडून आल्यावर ते मोटरसायकलवर भोपाळला गेले, ती बातमी तू वाचली असशील. हा पक्ष त्याच वर्षी स्थापन झाला होता. राजस्थानातही त्याने तीन जागा घेतल्या आणि पुढच्या वर्षी बांसवाड्याहून राजकुमार रोत लोकसभेत गेले. सैलान्यात त्यांना मत देणाऱ्यांनी कुणाचं काय कापलं? आपल्या जंगल-जमिनीचं बोलणारा माणूस त्यांनी निवडला.

प्रश्न: बाई, मी परदेशीपुऱ्यात राहते. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. बचत गटातल्या आम्ही काही जणी एका लहान पक्षाचं काम करतो. 2028 च्या विधानसभेला मला उभं करायचं चाललंय. खरं सांगा, किती कठीण आहे?

ताई, खरंच सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण हे कोणी समजावून सांगत नाही. सगळे म्हणतात पैसा लागतो. लागतोच. पण पैशाच्या आधी कागद आडवे येतात.

पहिला कागद म्हणजे उमेदवारी अर्ज. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा, एक पुरतो. तुम्हाला दहा लागतील, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. हा नियम 1996 मध्ये आला. त्याच वर्षी तामिळनाडूत मोडाकुरिची या एका विधानसभा मतदारसंघात 1,033 उमेदवार उभे होते, मतपत्रिकेचं पुस्तक छापायची पाळी आली. तेव्हा नियमामागे कारण आहे, हे मान्य. पण भार पडतो तो फक्त लहानांवर. मागे एक रिक्षा चालवणारा तरुण उभा राहिला होता, त्याच्याबरोबर मी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात गेले होते. दहा सूचकांपैकी एक त्याचा मावसभाऊ. भावाने घर बदललेलं, नाव शेजारच्या विधानसभेच्या यादीत गेलेलं, घरात कुणाला पत्ता नाही. छाननीत तो अर्ज उडाला. उमेदवारी टिकली, कारण एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि आम्ही दुसरा अर्ज वेगळ्या दहा सूचकांचा भरून ठेवला होता. तुम्हीही तसंच करा. सूचकांची नावं आधीच्या वर्षीच यादीत तपासा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मतदार यादीच्या ताज्या प्रतीवरून उतरवा. ती यादी मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना फुकट मिळते, तुम्हाला विकत घ्यावी लागेल. अनामत विधानसभेला 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तरच परत.

दुसरं, चिन्ह. माझ्या मते सगळ्यांत मोठा अडथळा हाच. कमळ आणि पंजा आपल्या भिंतींवर वर्षानुवर्षं आहेत, लहान मुलंसुद्धा ओळखतात. तुमचं चिन्ह कळेल ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, आणि त्यानंतर कायद्याने किमान चौदा दिवस ठेवावे लागतात. प्रत्यक्षात तेवढेच मिळतात. चौदा दिवसांत चिठ्ठ्या छापा, फलक रंगवा, आणि ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना गळ्याची शपथ घालून सांगा की कोणतं बटण. चिन्हाने काय होतं ते साताऱ्यात दिसलं. 2024 ला तिथे राष्ट्रवादी शरद पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळालं होतं नुसतं वाद्य, लोक ज्याला पिपाणी म्हणत होते. त्या अपक्षाला 37,062 मतं पडली. तुतारीवाला उमेदवार पडला 32,771 मतांनी. इतक्या नावाजलेल्या पुढाऱ्याच्या पक्षाची ही गत, तर परदेशीपुऱ्यात तुमचं काय होईल विचार करा. म्हणून पक्षाला सांगा, सामाईक चिन्हासाठी अर्ज लवकर करा. सभागृहाची मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि जो आधी येतो त्याला आधी मिळतं. यंत्रावरही नावांचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, मग अपक्ष. एका यंत्रावर सोळा नावं बसतात. उमेदवार खूप झाले तर तुमचं नाव कितीतरी खाली जाईल. आपल्या बायकांना क्रमांक पाठ करायला लावा.

तिसरं, बूथ, म्हणजे मतदान केंद्र. हे मी केंद्रात बसून पाहिलंय. पहाटे मॉक पोल होतो, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात. बाकावर प्रतिनिधींचा बसायचा क्रमही ठरलेला: आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, मग बाकीचे. माझ्या केंद्रांवर पहिल्या दोन जागा नेहमी भरलेल्या असत, पुढचा बाक रिकामा. संध्याकाळी एकूण किती मतं पडली त्याचा फॉर्म 17 सी भरतात आणि हजर प्रतिनिधींना प्रत देतात. ज्याचा माणूस नाही त्याच्या हातात कागद नाही, आणि मोजणीच्या दिवशी आकडा पडताळायला काही नाही. इंदूर लोकसभेला अडीच हजारांहून जास्त बूथ आहेत, कुठल्याही लहान पक्षाच्या आवाक्याबाहेर. तुम्हाला फक्त आपला विधानसभा मतदारसंघ सांभाळायचा आहे. बचत गटातल्या बायका त्याच भागातल्या मतदार असतील तर प्रतिनिधी म्हणून बसू शकतात. कामाचा दिवस मोडेल, डबा आणि पाणी पक्षाने पुरवावं. ही ताकद मोठ्या पक्षांना पगारी माणसं लावून उभी करावी लागते, तुमच्याकडे ती आहे.

खर्चाचं थोडक्यात. उमेदवाराची मर्यादा 40 लाख, आणि त्या रकमेच्या जवळपासही तुम्ही पोचणार नाही. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, म्हणून ती मर्यादा असून नसल्यासारखी. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक नेमता येतात, त्यांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. तुमच्या पक्षाला वीस. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर प्रचाराचा फुकट वेळ मान्यताप्राप्त पक्षांनाच. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. पडल्याच्या निराशेत लहान पक्षांचे कितीतरी उमेदवार तो देत नाहीत, आणि आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. हिशेबाची वही रोजच्या रोज लिहा, पावत्या चिकटवा. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे शिकवायला नको.

एवढं सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग उभं तरी कशाला राहू? तुमच्या वडिलांची मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद झाली. थकीत रक्कम, सुमारे 224 कोटी, 4,800 कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना मिळायला डिसेंबर 2023 उजाडलं. किती कामगार तोवर राहिलेच नव्हते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. या तीस वर्षांत भोपाळला दोन्ही मोठ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. या प्रश्नावर कुणाचं सरकार पडलं नाही, कुणाची खुर्ची हलली नाही. कामगार दर आठवड्याला जमत राहिले, कोर्टात लढत राहिले, म्हणून पैसे मिळाले. मला मनापासून वाटतं, की त्या काळात विधानसभेत एक जरी माणूस फक्त या मिलवाल्यांच्या मतांवर बसलेला असता, तर दर अधिवेशनात त्याला हाच प्रश्न विचारावा लागला असता, कारण त्याच्याकडे दुसरा मतदारच नसता. म्हणून उभ्या राहा. अर्ज भरायला मी बरोबर येईन.

प्रश्न: 2025 मध्ये निवडणूक आयोगाने शेकडो पक्ष यादीतून काढले. बरंच झालं ना? कर चुकवायला काढलेले पक्ष होते ते. (खजुरी बाजार, इंदूर)

ऑगस्टमध्ये 334, सप्टेंबरमध्ये 474, मिळून 808. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढल्याचं कारण. नोंदणीकृत पक्षाला उत्पन्नावर करसवलत असते आणि काहींनी पाटी लावून नुसती देणग्यांची ये-जा केली, हे खरं आहे. जो पक्ष निवडणूकच लढवत नाही त्याच्यासाठी मी भांडणार नाही. पण हे होताना एक लक्षात ठेवा. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षाची नोंदणी करायचा अधिकार आयोगाला स्पष्ट दिलाय, रद्द करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये म्हटलंय, की फसवणुकीसारखे अपवाद सोडले तर आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही. तो अधिकार कधी द्यायचाच झाला तर संसदेने नियम नीट लिहून द्यावा, त्यात दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात: देणग्यांसाठी काढलेली पाटी, आणि दोन निवडणुका अनामत गमावून तिसरीसाठी पैसे साठवत बसलेला खरा पक्ष. दोघांच्या दाराला कुलूप दिसेल. फरक हिशेबाच्या वह्या पाहूनच कळतो.

प्रश्न: लहान पक्षाचा आमदार निवडून येतो आणि सहा महिन्यांत मोठ्यात जातो. मग आमच्या मताची किंमत काय? (राजेंद्र नगर)

तुमचा संताप मला पटतो. जून 2022 मध्ये आपल्याकडेच बसपाचा एक, समाजवादी पक्षाचा एक आणि एक अपक्ष आमदार एकाच दिवशी भाजपमध्ये गेले. राजस्थानात 2019 ला बसपाचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्याची रचनाच लहानांना उघडं पाडणारी आहे. दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण मान्य केलं तर त्यांची आमदारकी वाचते. साठ आमदारांच्या पक्षात चाळीस फोडावे लागतात, तिघांच्या पक्षात दोघं पुरतात. त्यात लहान पक्षाच्या आमदाराला मतदारसंघातल्या रस्त्यासाठी, नळासाठी मंत्र्याच्या दारात जावं लागतं, आणि तिथे त्याला आडून आडून सुचवलं जातं की इकडे या, कामं होतील. माझं म्हणणं, की पक्ष बदलायचा असेल तर एकाने बदलो की सर्वांनी, राजीनामा देऊन पुन्हा निवडून या. दोन तृतीयांशांची पळवाट बंद व्हावी.

पण सगळे जात नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवा. शेतकरी कामगार पक्ष, 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, एकूण अकरा वेळा आमदार, पराभव झाले तेव्हाही पक्ष तोच. 2021 ला गेले तोवर एसटीने फिरणारे आमदार म्हणून त्यांची ओळख होती. माझी मावसबहीण सांगोल्याची. ती म्हणते, पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी कुणाशीही हातमिळवणी केली, पण चिन्ह बदललं नाही. 2024 ला त्यांचे नातू त्याच पक्षातर्फे तिथून निवडून आलेत. उमेदवाराला मत देण्याआधी तुम्ही त्याला भर सभेत विचारा: निवडून आल्यावर पक्ष सोडणार असलात तर राजीनामा देणार का? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा.

प्रश्न: यावर उपाय म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. तुम्ही त्याबद्दल का लिहीत नाही? (उज्जैन)

लिहिते. राज्यसभेची निवडणूक त्या तत्त्वावर होतेच. विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात लोकसभेच्या जागा पाव पटीने वाढवून त्या पक्षांच्या यादीतून, मतांच्या प्रमाणात भरा असं सुचवलं होतं. मात्र त्याच अहवालात पाच टक्क्यांहून कमी मतं मिळालेल्या पक्षाला एकही जागा देऊ नये असंही आहे. सैलान्याच्या आमदाराचा पक्ष या अटीत बसला नसता. तेव्हा प्रमाणशीर पद्धत आली की लहानांचं भलं होईलच असं नाही, अट काय घालतात ते पाहावं लागेल. शिवाय जे पक्ष आजच्या पद्धतीने जिंकतात त्यांनीच ती बदलायची आहे, लवकर होणार नाही.

तोवर कायद्याचा ढाचा न हलवता होण्यासारख्या गोष्टी मागू. निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मतदार यादी फुकट द्या. नोंदणीकृत पक्षांना आकाशवाणीवर निदान पाच मिनिटं द्या. सामाईक चिन्ह निवडणुकीच्या वर्षभर आधी द्या. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घाला. आणि नगर निगमच्या निवडणुकांपासून सुरुवात करा, तिथे वॉर्ड लहान, ओळख जास्त. 2022 ला सिंगरौलीत आम आदमी पक्षाच्या राणी अग्रवाल महापौर झाल्याच की. आपल्याकडे इंदूरला 85 वॉर्ड आहेत, पुढची निवडणूक 2027 ला यायला हवी. ज्या लहान पक्षाला आपल्या वॉर्डात मतदान प्रतिनिधी मिळत नसेल, त्यांनी आणि दिवसभर बसायची तयारी असलेल्या वाचकांनी सदराच्या पत्त्यावर मतदारसंघाचं नाव कळवावं. फॉर्म कसा भरायचा ते मी प्रत्येकाला कळवीन.